लिंबची विहीर, मे महिना आणि सहा शीट फिल्म

साताऱ्याहून पुण्याच्या दिशेनं निघालं की हमरस्ता सोडून आत लिंब गाव लागतं. तिथली बारा मोटांची विहीर शिलालेखाप्रमाणे शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळातली, विरूबाई भोसले यांनी बांधलेली. अष्टकोनी, शिवलिंगाच्या आकाराची, व्यास सुमारे ५० फूट आणि खोली सुमारे ११० फूट. रुंद पायऱ्या उतरत उतरत कमानीखालून मुख्य विहिरीत नेतात, वर छोटा महाल आणि त्याही वर मोटांची थारोळी. मोठ्या कॅमेऱ्याला यासारखा विषय क्वचित मिळतो: सरळ उभ्या कडा, काळा कोरीव दगड, आणि एकाच चौकटीत मिट्ट अंधार नि रणरणतं ऊन.

हे प्रकरण एका सातारकर छायाचित्रकाराच्या सहा शीटचं, म्हणजे एकेका फोटोसाठी सुट्या कापलेल्या सहा फिल्मचं आहे. कॅमेरा ४×५ इंची, लेन्स ९० मिमी एफ/८, फिल्म इलफर्ड एफपी४ प्लस. मेच्या मध्याला सकाळी अकराच्या सुमारास पायऱ्यांवरून, कमानीतून खाली पाण्याकडे बघत उभी चौकट लावली. त्याच रात्री घरच्या बाथरूममध्ये ट्रेमधून फिल्म धुतल्या. एकही धड उतरली नाही. पुढच्या आठवड्यात तीच चौकट पुन्हा घेतली, चार शीटवर. या दोन खेपांमध्ये काय बदललं आणि का, ते इथे मांडलं आहे.

पहिल्या सहा निगेटिव्ह काय सांगतात

निगेटिव्ह वाचताना आधी चित्र बघायचं नाही, कडा बघायच्या. होल्डरच्या, म्हणजे शीट ठेवायच्या चपट्या पेटीच्या, खाचेखाली दबलेली ती बारीक पट्टी, जिला उजेड लागलेलाच नसतो. ती जवळजवळ काचेसारखी स्वच्छ हवी. इथे पाच शीटची पट्टी स्वच्छ होती. सहावीवर पट्टीपासून आत तिरका काळा धूर आला होता, डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरचं सरकतं झाकण, ओढायच्या बाजूनं. म्हणजे उजेड लेन्समधून आला नव्हता, होल्डरच्या फटीतून आला होता. उन्हात उभ्या कॅमेऱ्यावर स्लाइड उपसून पंधरा-पंधरा सेकंद होल्डर उघडा ठेवला की फटीतलं जुनं मखमल दगा देतं. स्लाइड काढण्यापूर्वी काळं कापड होल्डरवर टाकलं आणि एक्सपोजर संपेपर्यंत तसंच ठेवलं, तर हा दोष येत नाही.

दुसरी एक शीट अगदी फिकी, शिवाय डावं-उजवं उलटं. तिची पाठ लेन्सकडे होती. अंधारात शीटच्या कडेची ओळखीची खाच चाचपायची राहिली. शीट उभी धरली आणि खाच वरच्या बाजूला उजव्या हाताला आली की इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, आपल्याकडे असतं. प्रत्येक शीट सरकवताना उजव्या तर्जनीनं खाच लागली पाहिजे, अंदाजावर सोडायचं नाही.

उरलेल्या चारही शीटवर एकच आजार होता: कमानीपलीकडची उन्हातली भिंत (निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो) दिव्याखालीही आरपार न दिसणारी काळी, आणि चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे पायऱ्यांच्या कडा दिसायला हव्यात, तिथे नुसती कोरी फिल्म. दोन शीटवर लांब ओरखडे. एकीवर कडेला दाट-पातळ लाटा.

उजेडाचा हिशोब

स्पॉट मीटर (एका छोट्या जागेचा उजेड मोजणारं) आयएसओ १२५ या फिल्मच्या वेगावर, लेन्सचं भोक एफ/२२. पायऱ्यांच्या काळोख्या कोपऱ्याचं मोजमाप ३० सेकंद, उन्हातल्या दगडाचं १/१५ सेकंद. मधे जवळजवळ नऊ स्टॉप, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास बसवलेल्या झोनच्या भाषेत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका स्टॉपच्या पायऱ्या, मीटरचं मोजमाप पाचवीवर), कोपरा तिसऱ्या झोनवर ठेवला की उन्हाची भिंत बाराव्यावर जाते. कागदावर दगडाचा पोत सातव्या-आठव्या झोनपर्यंतच दिसतो. डेव्हलपिंग कितीही कापलं तरी चार झोन खाली ओढणं जमत नाही. ओढलंच तर मधले सगळे टोन राखेसारखे सपाट होतात.

कोपरा तिसऱ्या झोनवर म्हणजे मोजमापापेक्षा दोन स्टॉप कमी, ८ सेकंद. लांब वेळेला फिल्म मंदावते, म्हणून एफपी४ साठी इलफर्ड देतं ते गणित लावलं: मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात. ८ चे साधारण १४ होतात. गणित बरोबर होतं, पण त्याची दुसरी बाजू सुटली. सावलीत फिल्म मंदावते, उन्हातल्या भिंतीपाशी ती मंदावत नाही. तिला हे सहा सेकंद फुकटात मिळाले, जवळजवळ पाऊण स्टॉप. म्हणजे वेळ वाढवली की कॉन्ट्रास्टही वाढतो. सावलीसाठी सेकंद वाढवले, तर डेव्हलपिंगची मिनिटं त्या प्रमाणात उतरवावीच लागतात.

आता कोपरे. ते तिसऱ्या झोनवर ठेवले होते, मग कोरे का? कारण मीटरला लेन्स दिसत नाही. ९० मिमीच्या लेन्समध्ये ४×५ च्या कोपऱ्यापाशी उजेड मध्यापेक्षा स्टॉप-दीड स्टॉप कमी पडतो. त्यात पाणी चौकटीत यावं म्हणून पुढचा, लेन्स बसवलेला बोर्ड २० मिमी खाली केला होता. कॅमेरा झुकवला नाही हे योग्यच झालं, भिंती सरळ राहिल्या. पण बोर्ड खाली गेला की दृश्यातले खालचे कोपरे लेन्सच्या अक्षापासून लांब जातात. इथे ते सुमारे ९३ मिमी लांब होते, लेन्सच्या वर्तुळात बसणारे, पण दीड ते दोन स्टॉप अंधारलेले. नेमका सर्वांत काळा दगडही तिथेच होता. तिसरा झोन फिल्मवर पोचेपर्यंत पहिल्या-दुसऱ्यावर घसरला. रुंद लेन्स आणि बोर्डची हालचाल एकत्र आली की कोपऱ्यातल्या सावलीला एक झोन वर ठेवावं लागतं. काळ्या दगडाच्या वास्तूंमध्ये हे विसरणं फार महागात पडतं, आणि आपल्याकडे वास्तू बहुतेक काळ्या दगडाच्याच आहेत.

रात्रीच्या बाथरूममध्ये

फिल्म धुवायला घरी बनवलेला डी-७६ डेव्हलपर होता. कोडॅकचं हे १९२७ चं सूत्र आजही उत्तम चालतं: ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, मग थंड पाण्यानं एक लिटर. सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळत नाही, म्हणून आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर बाकी क्रमानं. रसायनांच्या दुकानात सल्फाइट मागितलं की कधी सल्फेट हातात पडतं, कधी खड्याचं सल्फाइट. खड्याच्या सल्फाइटमध्ये निम्मं वजन पाण्याचं असतं, ते १०० ऐवजी २०० ग्रॅम लागेल. डबीवरचं नाव अक्षर-अक्षर वाचून घ्यावं. मेटॉलनं काहींच्या हाताला खाज आणि चट्टे येतात, तेव्हा हातमोजे हवेतच.

डेव्हलपर बरोबर होता, पाणी नव्हतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री नऊ वाजताही ३१ अंश. डी-७६ एकास एक पाण्यात, एफपी४ ला २० अंशांवर ११ मिनिटं लागतात. दर अंशाला वेळ साधारण नऊ टक्के कमी होते, म्हणजे ३० अंशांवरही सव्वाचारच मिनिटं. छायाचित्रकारानं साडेसहा मिनिटं दिली, कारण सव्वाचार फारच कमी वाटली. वाटणं चुकीचं नव्हतं: पाच मिनिटांच्या खालचं डेव्हलपिंग एकसारखं होतच नाही. पण उपाय वेळ वाढवणं नव्हे. त्यात हायड्रोक्विनोन गरम पाण्यात जास्तच जोर करतं आणि त्याचा मार उजेडाच्या भागावर बसतो.

नऊ स्टॉपांचा उजेड, वरून वाढवलेले सेकंद, गरम डेव्हलपर आणि जास्तीची दोन मिनिटं. चारही चुका एकाच दिशेला ढकलणाऱ्या होत्या. एकेक चूक कागदावर सांभाळता आली असती.

ओरखड्यांचं कारण वेगळं. सहा शीट एकदम ट्रेत. मदतीला भाचा होता. चौथी शीट पाण्यात गेल्यावर अंधारात त्यानं विचारलं, "मामा, पहिली कुठली होती?" आणि तिथेच क्रम तुटला. एकेक शीट दहा सेकंदांच्या अंतरानं आत जाते, म्हणजे पहिली आणि सहावी यांत जवळजवळ मिनिटाचा फरक. त्याच क्रमानं बाहेर आल्या तर काही बिघडत नाही. क्रम हरवला की कुणाला साडेपाच मिनिटं मिळतात, कुणाला साडेसात. गोंधळात शीट मधूनच उपसली गेली आणि तिचा कोपरा खालचीच्या इमल्शनवर घासला. गरम पाण्यात इमल्शन फुगून सायीसारखं मऊ होतं, नखसुद्धा पुरतं.

दुसरी खेप: आधी घड्याळ

पहिला बदल कॅमेऱ्यात नाही, वेळेत केला. मेच्या मध्याला साताऱ्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अकरालाच तो ६८ अंशांवर असतो आणि ५० फूट रुंदीच्या विहिरीत ऊन थेट तळाशी उतरू शकतं. सकाळी सातला मात्र तो जेमतेम १२ अंशांवर: ऊन काठाखाली दहाएक फूटच उतरतं, आठपर्यंत पंचवीस फूट. चौकटीत वरचा काठ नव्हताच. म्हणून कॅमेरा साडेसहाला लावून तयार, एक्सपोजर सव्वासातच्या आत. आत फक्त आभाळाचा पसरलेला उजेड. कोणतंही रसायन जे करू शकलं नसतं ते या चार तासांनी केलं.

दुसरा बदल भोकाचा. एफ/२२ ही सवय होती, गरज नव्हती. ९० मिमी लेन्सला एफ/१६ वर, फिल्मवर ०.१ मिमीचा धूसर ठिपका चालेल असं धरलं, तर ५ मीटरवर फोकस केल्यावर अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पहिली पायरी तीन मीटरवर होती. कॅमेऱ्यामागच्या, चित्र दिसतं त्या दुधी काचेवर कोपऱ्यातली पायरी आणि पाण्याकाठचा दगड दोन्ही भिंग लावून तपासले, मगच भोक लहान केलं. एक स्टॉप मोकळा झाला, म्हणजे सेकंद निम्मे आणि त्यांच्यासोबत येणारा कॉन्ट्रास्टही कमी.

मीटर आता ६४ वर, कारण डेव्हलपिंग कापायचं असलं की सावलीचा वेग थोडा मरतो. एफ/१६ ला कोपरा ३० सेकंद, सर्वांत उजळ दगड १ सेकंद. पाच स्टॉप. कोपरा या वेळी चौथ्या झोनवर, म्हणजे १५ सेकंद. मंदपणाचं गणित लावून ३०. उजळ दगड नवव्या झोनवर, आणि वाढलेल्या सेकंदांमुळे खरा तर दहाव्याच्या जवळ. हे दोन झोन डेव्हलपिंगमध्ये खाली आणायचे. दोन झोन आणता येतात.

स्टँडचे पाय पायरीच्या मधल्या, न झिजलेल्या भागावर, प्रत्येक पायाखाली रबराचा तुकडा. भाता आणि होल्डर काळ्या कापडाखाली. शटर केबलनं, आणि ३० सेकंद मोबाइलवर नाही, मनगटी घड्याळावर मोजले. चार शीट, चारही एकाच एक्सपोजरच्या: धुण्यात सुधारायला वाव राहावा म्हणून.

दुसरी खेप: पाणी

थंडाव्यासाठी रसायनात बर्फ टाकायचा नसतो, प्रमाण बिघडतं. आदल्या रात्री डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. बॅटरीसाठी मिळतं तेच पाणी, साताऱ्यात कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. हिशोब साधा: ३१ अंशांचं ७०० मिली आणि ८ अंशांचं ३०० मिली मिळून २४ अंश. विसळायला दोन बादल्या पाणीही तसंच मिसळून २४-२५ वर आणलं. त्यासाठी माठातलं पाणी कामी येतं, फक्त थर्मामीटर लावून बघावं. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं आम्लाचं पाणी), हायपो (फिल्म पक्की करणारं द्रावण) आणि विसळायचं पाणी यांच्यात दोन अंशांहून जास्त फरक नको. गरमातून एकदम थंडात गेलं की इमल्शनला सुरकुत्या पडतात आणि त्या कायमच्या राहतात. ट्रे मोठ्या परातीत, परातीत थंड पाणी.

२० ऐवजी २४ अंश का? कारण मेमध्ये २० वर नेलेलं पाणी दहा मिनिटांत पुन्हा चढतं. टिकेल असंच तापमान धरावं आणि वेळ त्यावर बसवावी. पाणी थंड करायची काहीच सोय नसेल तेव्हा डेव्हलपरमध्ये लिटरला ४५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून इमल्शनची फूग आवरायची जुनी रीत आहे. त्यानं डेव्हलपिंगची वेळ वाढते, आणि किती ते एक शीट खर्चून ठरवावं लागतं.

डेव्हलपर या वेळी एकास तीन. २० अंशांवर त्याची वेळ २० मिनिटं, २४ वर सुमारे १४. दोन झोन उतरवायला त्यातले पस्तीस टक्के कापले: ९ मिनिटं. पातळ केल्याचा खरा फायदा हाच, वेळ कापूनही ती पाच मिनिटांच्या पुष्कळ वर राहते. ८×१० च्या ट्रेमध्ये २५० मिली मूळ डेव्हलपर आणि ७५० मिली पाणी. मूळ डेव्हलपर यापेक्षा कमी घेतला तर चार शीटना पुरत नाही आणि उजेडाचे भाग आजारी दिसतात.

दिवा घालवून दहा मिनिटं नुसतं बसायचं. दाराखालची फट, गीझरचा लाल ठिपका, घड्याळाचे चमकणारे काटे त्या वेळात दिसू लागतात. ही फिल्म सगळ्या रंगांना जागी असते, तिला लाल दिवासुद्धा चालत नाही.

आधी चार शीट साध्या पाण्यात एकेक करून. कोरड्या शीट एकदम टाकल्या तर एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना इमल्शन सोलून येतं. दोन मिनिटं भिजल्यावर डेव्हलपरमध्ये, इमल्शन वर. पहिली शीट मुद्दाम उलट्या टोकानं घातली, तिची खाच बाकी तिघींच्या विरुद्ध कोपऱ्यात. आता अंधारातही बोटाला कळतं: उलटी खाच आली की एक फेरी झाली. सर्वांत खालची शीट लांब बाजूनं हळूच सरकवून काढायची, सपाटच वर ठेवायची आणि बोटांच्या पोटांनी दाबून बुडवायची. नखं कापलेली हवीत. सुरुवातीचं मिनिटभर न थांबता, नंतर दर मिनिटाला दोन पूर्ण फेऱ्या. हात घाईत आला की कडेनं डेव्हलपर जोरात वाहतो आणि तिथे दाट पट्टा उठतो. पहिल्या खेपेतल्या लाटा तशाच आल्या होत्या.

मोजणारा एकच. भाचा बाहेरून मिनिटं सांगत होता, आत फक्त दोन हात.

स्टॉपला लिटरमागे १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ३० सेकंद. मग हायपो. साध्या हायपोला लिटरमागे २५० ग्रॅम खडे लागतात, आणि ते विरघळताना पाणी गार पडतं, तेव्हा आधी करून ठेवावा. वेळ पुस्तकातून नाही, फिल्मच्या तुकड्यावरून: तुकडा दुधी असताना टाकला, स्वच्छ व्हायला किती लागलं बघितलं, त्याच्या दुप्पट. इथे साडेचार मिनिटांत स्वच्छ झाला, म्हणून नऊ. विसळताना दर दोन मिनिटांनी पाणी बदलून दहा वेळा. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्डच, त्यात २०० भागांना एक भाग वेटिंग एजंट, म्हणजे थेंब न धरता पाणी निथळवणारं द्रव. बोअरच्या जड पाण्याचे डाग वाळल्यावर जात नाहीत. कोपऱ्याला चिमटा लावून, पंखा बंद, आधी गरम पाणी सोडून धूळ खाली बसवलेल्या बाथरूममध्ये वाळत घातल्या.

चारही निगेटिव्हची पट्टी स्वच्छ. कमानीपलीकडचा दगड दाट, पण छिन्नीचे घाव मोजता येतील इतका मोकळा. दुसऱ्या शीटवर एक कोरा ठिपका राहिला, होल्डरमधल्या धुळीचा. धूळ उजेड अडवते म्हणून निगेटिव्हवर कोरा आणि छापल्यावर काळा. वाळताना बसलेली धूळ याच्या उलट पांढरी छापली जाते, त्यावरून कुठे झाडायचं ते कळतं.

कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून घेतलेला छाप, दोन नंबरच्या, मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर काढली. वेळ एवढीच, की स्वच्छ पट्टी कागदावर जेमतेम पूर्ण काळी व्हावी, त्याहून सेकंदही जास्त नाही. या छापात उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन पायऱ्यांच्या कडा आणि तिसरीवरची ओल वेगळी दिसते. डावा कोपरा अजून अर्धा स्टॉप अंधारा आहे. पुढच्या खेपेला बोर्ड २० ऐवजी १२ मिमी खाली आणि कॅमेरा दोन पायऱ्या आणखी उतरून.